गायकवाड मॅडमचं मंगळवारचं दार

एका मंगळवारी संध्याकाळी गायकवाड मॅडमनी थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडलं, आतली रक्ताची एक नळी बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "गार आहे." माझं आयुष्य बदललं ते त्या क्षणी. परीक्षा पास झालो, नोकरी लागली, असं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. ही गार नळी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात प्राचार्य आहेत, डॉक्टर आहेत, मॅडमच्या हाताखाली शिकून पुढं मोठमोठ्या प्रयोगशाळांत गेलेले विद्यार्थी आहेत. माझं शिक्षण एस.वाय. बी.एस्सी., तेही अर्ध्यात सोडलेलं. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, "सर, मी काय लिहिणार?" ते म्हणाले, "बाकीचे सोमवार ते शनिवार लिहितील. तू मंगळवार लिही." मंगळवारही त्यातच येतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं. या लेखाखाली नाव नाही. ते का नाही, हे वाचता वाचता कळेल.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. घरी शेती आणि गावाचं दूध संकलन. शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायची अक्कल मला कुठून आली, असं बरेच जण विचारायचे. खरं उत्तर असं, की तो विषय तिनं घेतला होता. ती दौंडची, रेल्वेतल्या गृहस्थांची मुलगी. बारावीला आम्ही एका क्लासला होतो. ती शिरूरला हॉस्टेलवर राहायला गेली, म्हणून मी शिरूरला खोली घेतली. रविवारी ती घरी असायची, तेव्हा मी दौंड स्टेशनात तिच्या क्वार्टरसमोरच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत असल्यासारखा उभा राहायचो. कुठंच न गेलेल्या माणसाला इतक्या गाड्यांच्या वेळा पाठ असल्याचं दुसरं उदाहरण तालुक्यात नसेल.

मॅडमचं पहिलं दर्शन घडलं ते प्रॅक्टिकलला. त्यांनी मला उठवून मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"काय दिसतं?"

"पांढऱ्या पेशी. दोन हायेत."

"सारख्या की वेगळ्या?"

"सारख्याच."

"नीट बघ."

"मॅडम, नीटच बघतोय. सारख्याच हायेत की."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "दिसायला सारख्याच. त्यातली एक हुकूम देणारी असेल आणि दुसरी जीव घेणारी. पण हा मायक्रोस्कोप तुला ते सांगणार नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, हजारो. कुठल्या पेशीचं काम काय, हे त्या प्रथिनांवरून ओळखायचं. ओळखायला सोपं जावं म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर दिले, सीडी वन, सीडी टू असे. जिच्या अंगावर सीडी फोर ती बहुतेक वेळा मदतनीस पेशी. ती स्वतः कुणाला मारत नाही. रोगजंतू आलाय ही वर्दी मिळाली की ती बाकीच्यांना कामाला लावते. जिच्या अंगावर सीडी एट ती मारक पेशी. शरीरातली एखादी पेशी आतून बिघडली, तिच्यात विषाणू शिरला, की ही तिला संपवते. आणि प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशी आणखी वेगळ्या, त्यांच्या अंगावरच्या खुणा वेगळ्या.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, सीडी फोर म्हंजी कुठल्या पिक्चरची?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "ही सीडी खराब झाली की पिक्चर संपतो," एवढंच म्हणाल्या आणि फळ्याकडं वळून एचआयव्हीचा विषाणू नेमका याच सीडी फोरला धरून पेशीत कसा शिरतो, ते काढून दाखवायला लागल्या. मग हसायला कुणी उरलं नाही.

त्या दिवशी मी आणखी एक प्रश्न विचारला होता. मारक पेशीला बाहेरून कसं कळतं, की समोरच्या पेशीच्या आत विषाणू शिरलाय? मॅडमना प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही चाललंय त्याचे बारीक बारीक तुकडे एका प्रथिनावर मांडून बाहेर धरते. ताटात वाढून दाराबाहेर ठेवावं तसं. मारक पेशी येते, ते ताट चाचपते आणि ठरवते. "पेशीला आतलं अंगावर दाखवावंच लागतं," असं म्हणून त्या थांबल्या. पुढं काहीतरी बोलणार होत्या, पण बेल झाली. ते पुढचं वाक्य ऐकायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांच्या आतच मी कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलच्या बॅचमधला एक जण माझं नाव तिच्या नावाला जोडून काहीबाही बोलला. तिच्यासमोर बोलला. मी हातात आलं ते फेकलं. हातात आली होती मॅडमची लाकडी पेटी. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः रंगवून ठेवलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या होत्या. तो वाकला आणि पेटी भिंतीवर फुटली. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "तुला वाटतं हे तू माझ्यासाठी केलंस?" आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. प्राचार्यांनी माफीपत्र लिहून मागितलं. मी लिहिलं नाही, दाखला मागितला.

आठवड्याभरानं मॅडम शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटल्या.

"कॉलेज सोडलंस म्हणे."

"व्हय."

"मंगळवारी काय करतोस?"

"काय न्हाई."

"मग ये. पुण्याला नमुने पोचवायला भरवशाचा माणूस पाहिजे."

पेटीचा विषय त्यांनी काढला नाही. मीच म्हटलं, "मॅडम, माझ्यावर भरवसा? मी कालपरवा तुमची पेटी फोडली." त्या म्हणाल्या, "फोडलीस ते सगळ्यांसमोर फोडलीस. लपूनछपून काही केलं नाहीस. एवढा भरवसा मला पुरतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंगळवारी मॅडमना कॉलेजात तास नसायचा. त्या दिवशी एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या मागच्या दोन खोल्यांत त्या तपासणी आणि सल्ला केंद्र चालवायच्या. शिक्रापूरच्या ढाब्यांवर थांबणारे ड्रायव्हर, सणसवाडीच्या कंपन्यांतले बाहेरगावचे कामगार, त्यांच्या बायका, खेड्यापाड्यांतली माणसं तिथं यायची. एचआयव्ही असलेल्या माणसाची सीडी फोर पेशींची मोजणी केल्याशिवाय औषध कधी सुरू करायचं ते ठरत नसे. मोजायचं यंत्र पुण्याला. म्हणून सकाळी रक्त घ्यायचं, नळ्यांवर फक्त नंबर टाकायचे आणि दुपारच्या गाडीनं त्या पुण्याला पोचवायच्या.

केंद्राचा नियम एकच होता. पुढच्या खोलीत आलेला माणूस आणि मॅडम. ज्याचं तिथं काम नाही त्यानं आपलं आपण बाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं. "कुणी बाहेर जा म्हटल्यावर गेलास तर त्याला काही अर्थ नाही," मॅडम सांगायच्या. "बसलेल्या माणसाला वाटतं, याला सांगावं लागलं." एकदा सणसवाडीच्या कंपनीतल्या एका कामगारानं घाबरत विचारलं होतं, "मैडम, कंपनी को पता चलेगा क्या?" मॅडमनी आपल्या हिंदीत उत्तर दिलं, "कंपनी को छोडो. मेरे मिस्टर को भी पता नहीं चलता मैं मंगळवार को क्या करती." तो माणूस हसला आणि बाही वर केली. ही गोष्ट मॅडमनीच नंतर हिंदीसाठी स्वतःला हसत सांगितली. माणूस कोण ते सांगितलं नाही.

मॅडम आमच्या घरीही येऊन गेल्या. मी कॉलेज सोडल्यावर वडिलांशी बोलायला. वडिलांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हनला?" मॅडमनी सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. "गावात राहायला कुन्या अंगाला?" मॅडमनी त्याचंही सरळ उत्तर दिलं. चहा आला तो घरातल्या रोजच्या कपात नाही, काचेच्या ग्लासात आला. मॅडम तो प्यायल्या, छान झालाय म्हणाल्या. रस्त्यानं परत सोडायला जाताना माझं डोकं तापलेलं. "घरी जाऊन इचारतोच मी त्यांना," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "काय विचारणार? पेशीला डोळे नसतात, म्हणून ती समोरच्याचं अंग चाचपून बघते. तुझ्या वडिलांना डोळे आहेत. वापरतील हळूहळू. त्यांना वेळ दे, आणि मला चौफुल्यापर्यंत सोड." वडिलांनी डोळे वापरले की नाही, ते पुढं येईल.

आता ती गार नळी.

एप्रिल होता. मॅडमनी नऊ नळ्या थर्माकोलच्या पेटीत घालून दिल्या आणि सांगितलं, "जपून ने. ऊन लागू देऊ नकोस." मी दुधाच्या घरातला. आमच्याकडं उन्हाळ्यात टेम्पो अर्धा तास उशिरा आला तरी वडील कॅनभोवती बर्फाच्या लाद्या लावतात. गार राहिलं तर टिकलं, तापलं तर नासलं, एवढंच शास्त्र मी लहानपणापासून शिकलेलो. स्टँडाबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, फोडला आणि नळ्यांच्या भोवती गच्च भरला. गाडीत पेटी मांडीवर धरून बसलो. मॅडमनी न सांगता आपण किती शहाणपण केलं, याचा मला अभिमान वाटत होता.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं झाकण उघडलं आणि पेटी तशीच परत सरकवली. "बर्फात? ह्या मोजता येणार नाहीत. साध्या तापमानाला आणायच्या असतात, कुणी सांगितलं नाही का?" मी त्याच्याशी भांडलो. गार असल्यावर खराब कसं होईल, असं त्याला दूधवाल्याच्या हिशेबानं सांगत होतो. त्यानं खिडकी बंद केली.

संध्याकाळी शिरूरला पेटी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी नळी चाचपली. "गार आहे." मग नळी जागेवर ठेवून म्हणाल्या, "थंडीनं या पेशींचे हाल होतात. मग यंत्राला त्यांच्या अंगावरच्या खुणा नीट वाचता येत नाहीत. ऊन लागू देऊ नको हे मी सांगितलं. बर्फ घालू नको हे सांगायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझी."

मला कुणी मुस्काटात मारली असती तर सोपं गेलं असतं. आमच्या घरात, कॉलेजात, सगळ्या मुलखात मी एक गोष्ट बघितली होती. चूक झाली की आधी ती कुणाच्या अंगावर टाकायची ते शोधायचं. ही बाई ती स्वतःच्या अंगावर घेऊन वर पेटी धुवायला लागली होती.

पण माझी खरी चूक अजून व्हायचीच होती.

पुढच्या मंगळवारी त्या नऊ जणांना पुन्हा बोलावलं. मी मागच्या खोलीत काचपट्ट्या रंगवत बसलो होतो. फुटलेली पेटी पुन्हा भरायची असं मी मनाशी घेतलं होतं. मधलं दार बंद. आलेली माणसं हळू बोलायची, काही कळायचं नाही. पण मॅडमचा शिकवायचा आवाज, तो दारातून स्पष्ट यायचा. "मागच्या वेळी माझ्या चुकीनं तुमचं रक्त वाया गेलं. पुन्हा घ्यावं लागेल." पहिल्याला सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला. प्रत्येक वेळी 'माझ्या चुकीनं'. चौथ्यांदा ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. मी दार ढकललं.

"चूक माझी हाय. मॅडमची न्हाई. बर्फ मी घातला हुता."

खुर्चीत बाही वर करून आमच्या गावातले आप्पा बसले होते.

आप्पा हे त्यांचं नाव नाही, गावात वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणतोय. त्यांच्या तीन म्हशी. रोज सकाळी त्यांची किटली आमच्या संकलनात येते. मी चालायला लागायच्या आधीपासून येते. मागच्या आठवड्यात बर्फात घातलेल्या नऊ नळ्यांतली एक त्यांची होती, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, बाही खाली केली, टोपी उचलली आणि रक्त न देता निघून गेले. टोपी घालायलाही थांबले नाहीत.

मॅडमनी आप्पांची रिकामी नळी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुझं खरं बोलणं पाच मिनिटं थांबलं असतं."

आणि मग दोन वर्षांपूर्वी बेल झाल्यामुळं राहिलेलं ते वाक्य पुरं केलं. "पेशीला आतलं अंगावर दाखवावंच लागतं. माणसावर ती सक्ती नाही. त्यासाठी आपण दार लावतो."

आप्पांना कसली भीती होती ते गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. बातमी फुटली असती तर त्या घरचं दूध घेऊ नका म्हणायला चार जण पुढं आले असते, आणि दूध घेणारे होते माझेच वडील. दुधातून काही होत नाही, हे पुस्तकातलं झालं. मी मॅडमना म्हटलं, "मी आप्पांच्या घरी जातो. शपथ घेतो, कुनाला बोलनार न्हाई म्हनून."

"आणि शेजारच्यांना वाटेल, हा आप्पांच्या पाया कशाला पडतोय?"

"मग काय करू?"

"त्यांचं दूध कोण मापून घेतं?"

"वडील."

"उद्यापासून तू घे. रोज. आणखी काहीच करू नकोस."

माझ्यासारख्याला यापेक्षा अवघड शिक्षा नव्हती. पहाटे उठून मी संकलनात उभा राहायला लागलो. वडिलांना वाटलं पोरगं सुधारलं. पहिले काही दिवस आप्पा आलेच नाहीत, सुनेकडं किटली दिली. मग आले, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. मी दूध घ्यायचो, यंत्रावर फॅट लावायचो, "आज फॅट चांगली लागली, आप्पा," एवढंच म्हणायचो. मंगळवारी शिरूरला मॅडम काही विचारायच्या नाहीत. नळ्यांच्या ट्रेमध्ये एक घर रिकामं ठेवायच्या. महिना गेला, दुसरा संपत आला. आप्पा वाळत चालले होते. खोकला सुटला होता. रक्ताची मोजणी नाही, म्हणजे औषध नाही. त्यांना वाचवायचं औषध शिरूरपर्यंत आलं होतं, आणि मधे दार मी उघडलं होतं.

एका सकाळी आप्पा किटली ठेवून कट्ट्यावर खोकत बसले. रांगेतला एक जण वडिलांना हळूच म्हणाला, पण मला ऐकू येईल इतकं मोठ्यानं, "आप्पाला कसलंतरी वंगाळ दुखनं हाय म्हनत्यात. दूध येगळं ठिवा की त्येचं."

वडील माझ्याकडं बघायला लागले. पूर्वीचा मी असतो तर त्या माणसाची किटली रस्त्यात गेली असती. मग लोकांनी विचारलं असतं, हा एवढा का पेटला? आणि उत्तर सगळ्यांना मिळालं असतं. मी आप्पांच्या किटलीतलं एक माप दूध काढलं, स्टोव्हवरच्या पातेल्यात ओतलं आणि म्हटलं, "आज चा ह्या दुधाचा करू. म्हशीचं हाय, दाट हुईल."

चहा झाला. पहिला कप मी घेतला. दुसरा वडिलांनी घेतला. त्यांनी मला काही विचारलं नाही. कशाबद्दल आहे हे त्यांना किती कळलं होतं तेही मला माहीत नाही. त्यांनी एक कप स्वतः नेऊन आप्पांच्या हातात दिला, घरातल्या रोजच्या कपातला. मग बोलणारा गडीसुद्धा प्यायला, कारण चहा फुकट होता.

दोन दिवसांनी आप्पांनी किटली ठेवली आणि तिच्याकडंच बघत विचारलं, "शिरूरची येष्टी कितीला हाय रं? मंगळवारची?"

"साडेआठला, आप्पा. बसाया जागा मिळंल."

"आन् त्ये बर्फ घालनारं पोरगं हाय का अजून तिथं?"

"हाय. पर आता न्हाई घालत."

"मंग यितो," आप्पा म्हणाले.

त्या मंगळवारी मी माझं काचपट्ट्यांचं टेबल मागच्या खोलीतून उचलून व्हरांड्यात नेलं. आत बसून ऐकू येतं, बाहेर येत नाही. मॅडमनी बघितलं. "तिथं धूळ येईल काचांवर," म्हणाल्या. "येऊ दे," मी म्हटलं. नळ्या मी साध्याच पेटीत घालून, सावलीच्या बाजूला बसून पुण्याला पोचवल्या. आप्पांचा आकडा कमी आला, पण औषधाला उशीर झालेला नव्हता. आज आप्पांच्या चार म्हशी आहेत. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "नाव गाळ. म्हशी ऱ्हाऊ दे." माझं नाव खाली टाकलं तर गाव कळेल आणि गाव कळलं तर म्हशी मोजायला वेळ लागणार नाही, म्हणून माझंही गाळलंय. आणि वडील आता दर महिन्याला विचारतात, "मॅडम कवा येनार हायेत? चा घिऊनच जावं म्हनावं."

फुटलेली पेटी आता जवळजवळ भरत आलीय. मॅडम माझी प्रत्येक काचपट्टी मायक्रोस्कोपखाली बघतात आणि निम्म्या नापास करतात. कॉलेजचा अर्ज त्यांनी पुन्हा आणून ठेवलाय, बाहेरून परीक्षा देण्याचा. माझ्या टेबलावरच्या रंगाच्या बाटलीखाली दाबून ठेवलाय. त्यावर अजून बोलल्या नाहीत. मी तो भरलाय, हे त्यांना हा ग्रंथ वाचून कळेल.

मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलंत त्याच भाषेत मागणं मागतो. तुमच्या रक्तातल्या मदतनीस पेशी आजच्यासारख्याच जागरूक राहोत. मारक पेशींना कामच न मिळो, बसून कंटाळोत बिचाऱ्या. कॉलेजातून तुम्ही निवृत्त व्हाल, पण मंगळवारातून होऊ नका. तुमच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात मला सही करून लिहायचंय, आणि तोवर या तालुक्यांत अशा गोष्टीला नाव गाळायची गरज उरलेली नसावी, हीसुद्धा त्याच मागण्यातली गोष्ट समजा.

एक प्रसंग राहिला. तो गेल्या महिन्यातला आहे आणि तिला विचारून लिहितोय. तिनं एकच अट घातली, "आत काय बोलणं झालं ते लिहायचं नाही." मी म्हटलं, "मला ठाऊकच नाही." ती थोडं हसली. तीन वर्षांनी माझ्याशी बोललेली ती पहिली वाक्यं होती, म्हणून तीही नोंदवून ठेवतो.

मंगळवार होता, अकराचा सुमार. मॅडमनी नळ्यांचा ट्रे मागितला. मी तो घेऊन पुढच्या खोलीत गेलो आणि खुर्चीत ती बसली होती. ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरून. स्वतःसाठी आली होती, घरच्या कुणासाठी, मैत्रिणीसाठी, की नुसतं काही विचारायला, मला कळायला मार्ग नव्हता. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर इतके रविवार उभं राहून जे जे विचारायचं ठरवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं. त्यात आता आणखी एका प्रश्नाची भर पडली होती, आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता. तिनं वर बघितलं. मॅडमनी बघितलं नाही. त्या मान खाली घालून नळीवर चिकटवायच्या कागदावर नंबर लिहीत होत्या, आणि त्यांचं ते लिहिणं नेहमीपेक्षा फार हळू चाललं होतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला. नळ्या मोकळ्या हवेतल्या, साध्या तापमानाच्या होत्या. वळलो, व्हरांड्यात आलो आणि दार लावून घेतलं.